गरोदरपणातला आहार आणि मुलाचा पुढचा मधुमेह: सासू-सुनांच्या बैठकीत नेमकं काय सांगावं?

कोथिंबीर_जुडी

नमस्कार. पुणे जिल्ह्याच्या डोंगरी पट्ट्यात नव्याने लग्न झालेल्या मुली आणि त्यांच्या सासवा अशी एकत्र बैठक घ्यायची आहे. वेळ दीड तास. विषय असा, की आई आज जे खाते त्याचा मुलाच्या चाळिशीतल्या साखरेशी आणि हृदयाशी काय संबंध. "दोन जिवांची आहेस, दुप्पट खा" आणि "फार खाऊ नकोस, बाळ मोठं होऊन अडेल" ही दोन्ही वाक्यं एकाच घरात ऐकू येतात, त्यामुळे "चौरस आहार घ्या" एवढ्यावर भागणार नाही. आकडे आणि कारणं हवी आहेत.

अडलेल्या गोष्टी अशा:

पुण्याजवळच्या गावांत जो मोठा अभ्यास झाला, त्यातून घरात करता येईल असं काय हाती लागतं?

फॉलिक अॅसिड जास्त आणि बी-१२ जीवनसत्त्व कमी असेल तर मुलावर वाईट परिणाम होतो, असं फिरतं आहे. ते ऐकून मुली लोह-फॉलिकच्या लाल गोळ्याच सोडून देतील अशी भीती वाटते. काय सांगावं?

दूध डेअरीला जातं, घरात चहापुरतं उरतं. एप्रिल-मेमध्ये पालेभाजी नसते. मग?

बाळ अडीच किलोचं झालं की घरचे ते "भरून काढायला" लागतात. ते बरोबर आहे का?

नाळ

ताई, पहिल्या दोन प्रश्नांवर लिहितो. स्वयंपाकघराचं इथले दुसरे जाणकार माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

तुम्ही म्हणता तो अभ्यास म्हणजे केईएम रुग्णालय, पुणे इथले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला पुणे मातृपोषण अभ्यास. पुण्यापासून सुमारे ५० किलोमीटरवरची सहा गावं. दिवस जाण्याआधीपासून बायकांच्या नोंदी घेतल्या आणि जन्मलेल्या मुलांचा माग पुढे वर्षानुवर्षं ठेवला. आया सरासरी ४२ किलोच्या आसपास, उंची १५२ सेंटिमीटर. बाळं सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली, ती ३.५ किलोची. आता यातली खरी गोष्ट बघा. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव बरेच लहान होते, पण कातडीखालची चरबी, विशेषतः पाठीवरची, त्या मानाने फारशी कमी नव्हती. वजनाला हलकं, तरी आत चरबी राखून असलेलं बाळ. स्नायू हा साखर जाळणारा मुख्य कारखाना. तोच लहान बांधला गेला आणि पुढे खाणं वाढलं, बसून राहणं वाढलं, की साखर रक्तात साचायला लागते. "आमच्यात कुणी जाड नाही, मग डायबेटिस कुठून आला" या प्रश्नाचं बरंचसं उत्तर इथे आहे.

हाच अभ्यास आहाराबद्दल जे सांगतो ते बैठकीत सगळ्यात आधी मांडा. बाळाच्या आकाराचा संबंध आईने एकूण किती उष्मांक किंवा किती प्रथिनं खाल्ली याच्याशी दिसला नाही. तो दिसला १८व्या आठवड्यातल्या दुधाशी आणि २८व्या आठवड्यातल्या हिरव्या पालेभाज्या व फळांशी. पालेभाजीचा संबंध सगळ्यात ठळक होता तो ४० किलोंहून हलक्या बायकांमध्ये. म्हणजे भाताचा दुसरा वाढा घालण्यापेक्षा आहे त्या ताटात माठाची भाजी आणि पेरूची फोड येणं जास्त मोलाचं. दुसरी नोंद श्रमाची. जास्त कष्टाची कामं करणाऱ्या बायकांची बाळं लहान होती. सासवांसमोर हे अवश्य बोला, कारण पाण्याचा हंडा कोणी उचलायचा हे घरात त्याच ठरवतात.

आता फॉलिक. त्या आयांपैकी ६० टक्क्यांहून जास्त जणींचं बी-१२ कमी होतं, फॉलेटची (अन्नातलं फॉलिक ते हेच) कमतरता मात्र जवळजवळ कुणालाच नव्हती. मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा आईचं फॉलेट जास्त आणि बी-१२ कमी अशी जोडी असलेल्यांच्या मुलांत इन्सुलिनला सर्वांत कमी दाद मिळत होती. हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. कारण समजून घ्यायला सोपं आहे. पेशी नवी बनवताना फॉलेट आणि बी-१२ एकाच साखळीत काम करतात. बी-१२ नसेल तर फॉलेट एका जागी अडकून पडतं. जनुकांवर जी रासायनिक खूण बसते, म्हणजे कोणतं जनुक चालू आणि कोणतं बंद, तिचा कच्चा माल याच साखळीतून येतो.

पण हा निरीक्षणातून दिसलेला संबंध आहे, "फॉलिकमुळे मधुमेह होतो" असा निकाल नव्हे. बाळाची मज्जानलिका, म्हणजे जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू बनतो ती नळी, गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकून दोन आठवडे होतात न होतात तोवर ते काम संपलेलं असतं. त्या वेळी फॉलिक कमी पडलं तर पाठीच्या कण्याचा दोष राहू शकतो, आणि तो नंतर कुठल्याही गोळीने भरून येत नाही. म्हणून वाक्य असं सांगा: फॉलिक सोडायचं नाही, बी-१२ जोडायचं. मूल हवं असं ठरलं की त्या महिन्यापासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक.

पळी_पंचपात्र

चौथ्या महिन्यापासून जी सरकारी लाल गोळी मिळते, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक असतं. रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. बी-१२ तिच्यात नसतं. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच येतं. भाजीत, डाळीत, धान्यात ते नाही. इडलीच्या आंबण्यावर किंवा स्पिरुलिनावर भरवसा ठेवू नये. स्पिरुलिनातलं बरंचसं बी-१२ माणसाच्या शरीराला वापरताच येत नाही.

दुधाचं गणित. १०० मिलिलिटर दुधात साधारण ०.४ मायक्रोग्रॅम. गरोदर बाईची गरज रोज अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपास. म्हणजे अर्धा लिटर दूध-दही मिळून दोन मायक्रोग्रॅम, जेमतेम काठावर. त्यातही दूध पुन्हा पुन्हा उकळून आटवलं की काही भाग जातो. एकदा उकळी आली की उतरवायचं. चहातलं दूध धरू नका. एका कपात ४०-५० मिलिलिटर पडतं, आणि तो कप जेवणाला लागून असेल तर लोहाचंही नुकसान करतो.

दूध डेअरीला घालणाऱ्या घरासाठी सोपी वाट: सकाळची धार मोजून घालण्याआधी पाव लिटर बाजूला काढायचं, सुनेच्या नावाचं, आणि संध्याकाळीही तेवढंच. काढलं नाही तर ते उरत नाही. एकदम अर्धा लिटर पिण्यापेक्षा दोनदा पाव-पाव चांगलं, कारण आतडं एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच बी-१२ नीट ओढून घेतं. विरजून दही केलं तरी चालतं. पण सहापट पाणी घातलेलं ताक म्हणजे दूध नव्हे. वाटीभर दह्याचं तांब्याभर ताक केलं आणि घरातल्या पाच जणांनी प्यायलं, तर तिच्या वाट्याला काय आलं?

अंडं चालत असेल तर रोज एक शिजवून. बी-१२च्या दृष्टीने मासे जास्त कामाचे: बांगडा, तारली, मांदेली, बोंबील, सुका जवळा. मोरी आणि मोठी सुरमई वरचेवर नको, मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. काळीज लोह आणि बी-१२ने भरलेलं असलं तरी त्यात अ जीवनसत्त्व फार असतं. गरोदरपणात ते टाळलेलं बरं.

पालेभाजीत चूक होते ती शिजवताना. शेपू, मेथी, अंबाडी आधी चिरतात, मग पाण्यात घालून ठेवतात, मग उकडून, पिळून पाणी ओततात. फॉलेट पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने नासतं, त्या पिळलेल्या हिरव्या पाण्याबरोबर ते मोरीत जातं. आख्ख्या जुड्या धुवायच्या, मग चिरायच्या. लोखंडी कढईत तेल-लसूण तडतडला की पाला टाकून झाकण ठेवायचं, त्याच्याच पाण्यात पाच-सात मिनिटांत मऊ होतो. अंबाडीचं पाणी आंबट म्हणून काढावंच लागतं असं वाटत असेल तर तेच पाणी आमटीला वापरा. निवडलेला १०० ग्रॅम पाला शिजून अर्धी-पाऊण वाटी होतो, रोजचं एवढं माप धरा. लोखंडी कढईत कोकम किंवा टोमॅटो घातला की थोडं लोहही उतरतं.

उन्हाळ्यात शेवग्याचा पाला असतो, बांधावर एक झाड पुरे. तांदुळजा आणि राजगिरा परसात टाकला तर महिन्याभरात काढायला येतो. वाळवलेल्या हरभऱ्याच्या पाल्याची भाजी चांगलीच, पण उन्हात वाळवताना तिच्यातलं फॉलेट आणि क जीवनसत्त्व बरंच उडतं, खनिजं राहतात. म्हणून तिच्या जोडीला लिंबू, कैरी किंवा पेरू हवाच. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी दाराशीच असतात.

बीट आणि डाळिंबाने "रक्त वाढतं" हे मात्र बैठकीत खोडून काढा. रंग लाल आहे एवढंच, लोह अगदी बेताचं आहे. त्या पैशात मटकी, चवळी, कारळ्याची चटणी येते. हळिवाचे लाडू आपल्याकडे बाळंतपणानंतर देतात, ते तेव्हाच ठेवा.

कोथिंबीर_जुडी

दोघांचेही आभार. पाव लिटर बाजूला काढायचं हे थेट सांगता येईल. आता "दुप्पट खा" म्हणणाऱ्या सासूला आकड्यात काय सांगू? आणि एखादी पूर्ण शाकाहारी असेल, दूध पचत नसेल, तर बी-१२ची तपासणी आधी की गोळी आधी?

पळी_पंचपात्र

दुप्पट नाही. दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत रोज ३५० उष्मांक जास्त लागतात, पहिल्यात जवळजवळ काहीच नाही. ३५० म्हणजे एक ज्वारीची भाकरी आणि वाटीभर मटकीची उसळ, बस. प्रथिनांची जास्तीची गरज दुसऱ्या तिमाहीत ९.५ ग्रॅम, तिसऱ्यात २२ ग्रॅम. त्या भाकरी-उसळीत १२-१३ ग्रॅम मिळतात, वर एक पेला दूध घेतलं की तिसऱ्या तिमाहीचंही जवळपास भागतं. हे ताट बैठकीत प्रत्यक्ष मांडून दाखवा: एका बाजूला नेहमीचं जेवण, शेजारी फक्त एवढी भर. सासवांना उष्मांक समजावत बसावं लागत नाही.

"कमी खा, बाळ अडेल" याचंही उत्तर त्यातच द्या. अडणं हे बहुतांशी आईच्या कमरेच्या हाडांवर, बाळाच्या डोक्याच्या ठेवणीवर असतं. फार मोठं बाळ होतं ते मुख्यतः आईची साखर वाढली तर.

ओटीपोट

त्या साखरेबद्दल दोन शब्द, कारण आहाराच्या बैठकांत ती राहून जाते. आईची साखर नाळेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. जास्त आलेली साखर निपटायला बाळाचं स्वतःचं स्वादुपिंड जन्माआधीच जादा इन्सुलिन करतं आणि ती चरबीत घालतं. अशा मुलांना पुढे लठ्ठपणा आणि मधुमेहाचा धोका जास्त. मुलगी असेल तर तिच्या गरोदरपणात पुन्हा तेच, एका पिढीचं दुसऱ्या पिढीत. म्हणून पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासायचं. उपाशी असण्याची गरज नाही. १४० किंवा त्याहून जास्त आलं की उपचार सुरू. पाजल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर ती तपासणी धरायची नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा.

बी-१२ची तपासणी आधी. गोळी किंवा इंजेक्शन सुरू झाल्यावर आकडा वर जातो आणि खरी स्थिती कळत नाही. प्रयोगशाळा ज्या मापात आकडा देते त्यात २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता. पुण्याच्या अभ्यासातलं १५० पिकोमोल म्हणजे साधारण तेच. गरोदरपणात रक्त पातळ होतं, त्यामुळे आकडा थोडा खाली येतोच. म्हणूनही दिवस जाण्याआधी तपासलेलं उत्तम. तपासणी परवडत नसेल आणि बाई दूध-अंडं काहीच खात नसेल, तर डॉक्टरांना सांगून तपासणीशिवायही बी-१२ सुरू करता येतं. नुसत्या हिमोग्लोबिनवर विसंबू नका. फॉलिक चालू असलं की बी-१२च्या कमतरतेचा रक्तक्षय झाकला जातो आणि मज्जातंतूंचं नुकसान आत चालू राहतं. लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असतील तर तांबड्या पेशींचा सरासरी आकार मधल्या मापात येतो आणि अहवाल "नॉर्मल" दिसतो. बैठकीत हात बघा. बोटांच्या पेरांवर, नखांच्या मागे कातडी इतर हाताच्या मानाने काळवंडलेली, जिभेची साल गेल्यासारखी लाल गुळगुळीत, पायांना मुंग्या अशी बाई दिसली तर त्याच आठवड्यात पाठवा.

फक्त अंगावर पिणाऱ्या बाळापर्यंतही हे पोचतं. आईच्या दुधात बी-१२ नसेल तर सहा महिन्यांनंतर बाळ फिकट, सुस्त, केस विरळ, पेरं काळी असं दिसू लागतं. हसणारं बाळ हसायचं थांबतं, बसणारं बसेनासं होतं, पुढे हात थरथरायला लागतात. घरचे म्हणतात दृष्ट लागली. याला उपचार आहे, पण उशीर केला तर मेंदूचं काही कायमचं राहून जातं.

तिळगूळ_वडी

वर सगळं गरोदरपणावर आलं आहे, मला त्याआधीच्या काळावर भर द्यायचा आहे, कारण तुमच्या बैठकीला येणाऱ्या मुली त्याच टप्प्यावर आहेत.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये २००६ पासून एक मोठा प्रयोग झाला. ६,५०० हून जास्त बायका, दिवस जाण्याआधीपासून रोज एक खाऊ. एका गटाला पालेभाजी, फळ आणि दूध घातलेला, दुसऱ्याला बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. सगळ्या बायका धरल्या तर जन्मवजनात ठोस फरक दिसला नाही. ज्यांनी दिवस राहण्याच्या किमान ९० दिवस आधी खाऊ सुरू केला होता, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमने जड होती. आणि सर्वांत बारीक बायकांना वजनाचा फायदा मिळालाच नाही. इथे 'नाळ' यांच्याशी थोडा मतभेद. पुण्यात हलक्या बायकांत पालेभाजीचा संबंध ठळक दिसला हे खरं, पण प्रत्यक्ष देऊन पाहिल्यावर मुंबईत तसं झालं नाही. माझ्या मते, बाई फारच बारीक असेल तर नुसती पालेभाजी पुरत नाही, तिचं स्वतःचं वजन आधी वाढायला हवं. म्हणजे अशा मुलींच्या बाबतीत धान्य-डाळ-तेलाचीही भर हवी आणि पहिलं मूल थोडं लांबवण्याबद्दल बोलायला हवं. त्या प्रयोगात गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण मात्र १२.४ टक्क्यांवरून ७.३ वर आलं. मुलाच्या पुढच्या आयुष्याचा विचार केला तर हा फायदा ४८ ग्रॅमपेक्षा मोठा आहे.

पुण्याच्याच अभ्यासातली मुलं मोठी झाल्यावर, २०१२ पासून, त्यांना रोज फक्त २ मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन पाहिलं. पुढे त्यांना झालेल्या मुलांची दोन वर्षांच्या सुमारास बौद्धिक आणि भाषेची वाढ चांगली दिसली. २ मायक्रोग्रॅम म्हणजे वरचं अर्धा लिटर दूध.

बाळाचं वजन हा एकमेव निकष धरू नका हेही सांगा. हॉलंडमध्ये १९४४-४५च्या हिवाळ्यात उपासमार झाली, दिवसाचं रेशन ४०० ते ८०० उष्मांकांवर आलं. ज्यांच्या आया गरोदरपणाच्या सुरुवातीलाच त्यात सापडल्या, ती बाळं जन्मली तेव्हा वजनाला ठीक होती, कारण नंतर अन्न मिळालं. पण मोठेपणी त्यांच्यातच हृदयविकार जास्त दिसला, आणि साठ वर्षांनंतरही त्यांच्या जनुकांवरच्या खुणा भावंडांपेक्षा वेगळ्या होत्या.

नाळ

मतभेद मान्य. हलक्या बायकांबद्दल तुमचं बरोबर आहे, दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्यात.

कोथिंबीरताई, तुमचा चौथा प्रश्न राहिला. अडीच किलोच्या बाळाला पहिली दोन वर्षं नीट वाढू द्यायचं. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, मग वरण-भात, अंडं, भाजी, तूप चमचाभर. उंची आणि स्नायू त्याच वेळी वाढतात. त्रास होतो तो दोन वर्षांनंतर घाईने चढवलेल्या वजनाने. दिल्लीतल्या मुलांचा जन्मापासून तिशीपर्यंत माग ठेवला, त्यात मोठेपणी साखर वाढलेले बहुतेक जण लहानपणी जाड नव्हते. ते दोन वर्षांचे असताना बारीकच होते आणि नंतर इतरांपेक्षा भराभर वजन घेत गेले. म्हणून तीन वर्षांच्या पोराला बिस्किटं, साखर घातलेली दुधाची पावडर आणि वेफर्स देऊन "अंगाने भरवणं" हे त्याच्या स्वादुपिंडावर ओझं टाकणं आहे. अंगणवाडीत वजनाबरोबर उंचीही मोजून घ्या. उंची वाढते आहे आणि वजन तिच्या प्रमाणात आहे, तर पोर बारीक दिसलं तरी ठीक आहे.

पळी_पंचपात्र

गोळ्यांच्या वेळा राहिल्या. कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमची दिवसातून दोन, जेवणाबरोबर, १४व्या आठवड्यापासून. लोहाची रात्री झोपताना, जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर. दोन्ही एकत्र घेतल्या तर कॅल्शियम लोहाला अडवतं, आणि दुधाबरोबर लाल गोळी घेतली तरी तेच. शौच काळी होते हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी गोळ्या फडताळात जातात. मळमळत असेल तर काही दिवस जेवणाबरोबर घ्या, पण बंद करू नका. माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील तर लाजून लपवू नये, ते बहुधा लोह कमी असल्याचं लक्षण असतं.

आणि मीठ. उपासाचं सैंधव रोजच्या स्वयंपाकात वापरण्याची पद्धत पसरते आहे. त्यात आयोडीन मिसळलेलं नसतं, आणि बाळाच्या मेंदूला ते पहिल्या महिन्यांपासून लागतं. रोजचं मीठ आयोडीनयुक्तच, झाकणाच्या बरणीत, चुलीपासून लांब.

कोथिंबीर_जुडी

हे सगळं उतरवून घेतलं. बैठकीत आधी ताट मांडून दाखवते, मग दुधाचं माप, आणि गोळ्या शेवटी. पाव लिटरचं माप गावात डेअरीवरच मिळतं, तेच घेऊन जाते.